चिल्ला संपल्यावरचा बर्फ

२०२५ च्या फेब्रुवारीत, महिन्याच्या मध्यावर, आम्ही गुलमर्गला पोहोचलो तेव्हा सगळ्यात आधी मुलांचे चेहरे उतरले. टंगमर्गला भाड्याने घेतलेले गमबूट आणि घोट्यापर्यंतचे कोट अंगावर चढवून सगळे तयार होते आणि समोरच्या मैदानात जागोजागी पिवळे गवत डोके वर काढून बसले होते. वर येताना ड्रायव्हरभाईंनी टायरांना साखळ्यासुद्धा लावल्या नव्हत्या, तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवे होते. हॉटेलात कळले की २२ तारखेपासून इथे होणारे 'खेलो इंडिया' हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलले आहेत.

आम्हाला स्की शिकवायला जे गृहस्थ आले ते टंगमर्गजवळच्या एका गावचे. पन्नाशी उलटलेली, फेरनच्या आत कांगडी. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. मुलांनी त्यांना विचारले, "चाचा, आता बर्फ पडणारच नाही का?" ते म्हणाले, "पडेल, इन्शाअल्लाह. अजून पडेल. पण चिल्ला सुका गेला. आता जो पडेल तो पाहुण्यांच्या कामाचा, आमच्या कामाचा नाही."

हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. बर्फ तो बर्फ, त्यात पाहुण्यांचा आणि घरच्यांचा असा भेद कसला? त्याचा उलगडा करता करता भूगोलाचे विसरलेले धडे पुन्हा उघडावे लागले. त्यातले जे समजले ते इथे मांडतो.

'चिल्ला' हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. बाळंतिणीचा चाळीस दिवसांचा चिल्ला आपल्या आजी-नानी मोजत आल्या आहेत. चिल्ला म्हणजे चाळीस. काश्मिरात कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस म्हणजे 'चिल्लई कलां', मोठा चिल्ला. तो २१ डिसेंबरला लागतो आणि जानेवारीअखेर संपतो. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. जुनी माणसे सांगतात की मोठ्या चिल्ल्यात पडलेला बर्फ डोंगरावर मुरतो, गोठतो आणि उन्हाळाभर ओढ्यांना पाणी देतो. नंतरचा बर्फ आला तसा जातो.

आम्ही हे आधी म्हाताऱ्यांचे बोलणे समजून सोडून दिले होते. मग दुपारच्या सूर्याच्या उंचीचा हिशेब करून पाहिला. गुलमर्ग ३४ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला तिथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेबत्तीस अंशांवर असतो. चाळीस दिवसांनी, चिल्ला संपताना, तो साडेअडतीसच्या आसपास पोहोचतो, म्हणजे जेमतेम सहा अंशांची चढण. पण त्याच्या पुढच्या चाळीस दिवसांत, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, तो आणखी सुमारे चौदा अंश वर चढतो. मोठ्या चिल्ल्यात सूर्य जणू जागच्या जागी रेंगाळतो आणि तो संपताच घाईला लागतो. ज्यांनी हे चाळीस दिवस मोजून वेगळे काढले त्यांच्याजवळ कोनमापक नव्हता, पण अंगणातला बर्फ होता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे असे समजेल. आपल्याकडे मुंबईत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचे ऊन जितक्या उंचीवरून येते, जवळपास तितक्याच उंचीवरून ते फेब्रुवारीच्या शेवटी गुलमर्गच्या बर्फावर येते. मुंबईतले डिसेंबरचे ऊन मऊ वाटते खरे, पण गच्चीवर घातलेले पापड त्यात वाळतात. तेच ऊन पांढऱ्या उतारावर दिवसभर पडले तर काय होत असेल?

मग एवढ्या दक्षिणेला बर्फ टिकतो तरी कसा? बेरूत शहरही ३४ अक्षांशाच्या आसपासच आहे आणि तिथे समुद्रकिनारा आहे! उत्तर एका शब्दात द्यायचे तर उंची. गुलमर्गचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे खाली मैदानात पाणी थेंबथेंब गळत असताना वर आठ अंशांनी जास्त थंडी असते. लेबनॉन, इराण, मोरोक्को या देशांतही लोक स्की करतात, तेही डोंगर उंच असल्याच्या जोरावर. तेहरानजवळच्या दिझिनचा पायथा तर गुलमर्गच्याच उंचीचा.

याच्या अगदी उलट उदाहरण स्वीडनच्या उत्तर टोकाला आहे. नॉर्वेच्या सीमेला चिकटलेले रिक्सग्रेन्सेन हे ठिकाण ६८ अक्षांशाच्याही वर आहे. तिथला स्कीचा डोंगर माथ्यावर जेमतेम ९०० मीटर, आपल्या महाबळेश्वरपेक्षा कितीतरी ठेंगणा. तरी तिथे लोक मे महिन्यात स्की करतात. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, म्हणून तिथला हंगाम सुरू व्हायलाच फेब्रुवारी उजाडतो. आपल्याकडे हंगाम आवरायला लागतो तेव्हा त्यांचा बहरात येतो. मेच्या मध्यावर तिथला दुपारचा सूर्य जिथे असतो, तिथे तो गुलमर्गला फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात येऊन गेलेला असतो. शिवाय अटलांटिक महासागरावरून येणारी वादळे त्या ठेंगण्या डोंगरावर बर्फाची रास ओततात. अर्थात हाच समुद्र कधी ऐन हिवाळ्यात उबदार वारा आणि पाऊस घेऊन येतो आणि मग उतारावर काच पसरल्यासारखी होते. मेअखेर सूर्य मावळायचाच थांबतो, तेव्हा बर्फाला रात्रीचीही विश्रांती मिळत नाही. (तिकडच्या रोजेदारांनी सूर्यास्त कधी धरायचा हा प्रश्न आमच्या धाकट्याने लगेच विचारला. त्यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.)

तेव्हा नुसते उत्तरेला असणे पुरत नाही आणि नुसते उंच असणेही पुरत नाही. बर्फ आणणारे हवामान यावे लागते, आणि वेळेवर यावे लागते. काश्मिरात तो आणतात पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून, वाटेत बाष्प गोळा करत ते हिमालयाला येऊन भिडतात. त्यांचा हंगाम डिसेंबर ते मार्च. हेच झंझावात कधी दक्षिणेकडे झुकतात आणि त्यांना समुद्रावरून आलेली दमट हवा भेटते, तेव्हा आपल्याकडे गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात झालेली गारपीट ज्यांनी शेतात उभे राहून पाहिली, त्यांना या पाहुण्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

२०२४ च्या जानेवारीत हे झंझावात जवळजवळ फिरकलेच नाहीत. गुलमर्गच्या उघड्या, तपकिरी मैदानाचे फोटो तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. पुढच्या वर्षी आमच्या वाट्याला आले ते त्याचेच दुसरे रूप.

चाचांनी आम्हाला एक गोष्ट हाताने दाखवली. सावलीतल्या एका काठावर त्यांनी बर्फात काठी खुपसली आणि खालचा थर उकरून मुलांच्या तळहातावर ठेवला. तो साखरेसारखा होता, रवाळ, सुटा, मुठीत दाबला तरी गोळा न होणारा. बर्फाचा थर पातळ असला आणि आभाळ निरभ्र राहून रात्री कडक थंडी पडत गेली की जमिनीलगतचे कण असे सुटे होतात. "यावर आता दोन-तीन फूट नवा बर्फ पडला तर तो कशावर उभा राहणार?" चाचांनी विचारले. साखरेवर गादी अंथरली तर ती सरकणारच. शेवटच्या टप्प्यातला जोराचा बर्फ म्हणूनच भीतीचा असतो. २०२४ मध्ये कोरड्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत जोरदार बर्फ झाला आणि २२ तारखेला इथल्याच उतारावर हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारीला, पोलंडचे दोघे गेले होते. फोटोत सगळ्यात सुंदर दिसतो तो बर्फाच्या दुसऱ्या दिवशीचा लखलखीत सूर्य, आणि वर जायचा मोहही त्याच दिवशी सगळ्यात मोठा असतो. गोंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवला म्हणून खिडकीवर वाद घालणारे पर्यटक आम्ही पाहिले. त्यांत आपल्या बाजूचे मराठी बोलणारेही होते, हे सांगायला संकोच वाटतो.

आम्हाला शिकायचे होते ते मैदानातल्या सौम्य उतारावर, तेव्हा आमचा धोका पडण्यापुरताच. तिथे ऊन काय करते ते मात्र पुरते अनुभवले. सकाळी नऊला उतार दगडासारखा होता. स्की सुरीसारख्या करकरत होत्या आणि पडले की कोपर शेकून निघत होते. अकराच्या सुमारास वरचा बोटभर थर सैल झाला, खडीसाखरेचा चुरा व्हावा तसा, आणि तासभर असा गेला की मुले हसत हसत खाली येत होती. दीडनंतर तोच उतार ओल्या पिठासारखा झाला. स्की रुतायला लागल्या आणि चाचांनी सरळ खेळ आवरायला सांगितला. गुडघे मुरगळतात ते या वेळेला, असे त्यांचे म्हणणे. रात्री पुन्हा सगळे गोठणार आणि सकाळी पुन्हा दगड. डिसेंबर-जानेवारीत असे होत नाही, कारण तेव्हाचा सूर्य तो थर सैल करण्याइतका वर येतच नाही. नवा बर्फ पडणाऱ्या उजेडापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त परत फेकतो, म्हणून तो टिकतो. जुना, मळका बर्फ मात्र ऊन पीत जातो, आणि जितका पितो तितका आणखी मळकट होत जातो. ज्यांना मुलांना घेऊन फेब्रुवारीअखेर जायचे आहे त्यांनी पहाटेची घाई करू नये आणि दुपारच्या जेवणानंतरचा तास धरूच नये, एवढे आम्ही नक्की सांगू.

याच उतारांवर शिकलेला गुल मुस्तफा देव १९८८ मध्ये कॅलगरीच्या ऑलिम्पिकला गेला होता. टंगमर्गजवळच्या हाजीबलचा आरिफ खान २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला गेला, संपूर्ण भारतातून तो एकटा. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीचे दुकान. चाचा त्याच्याबद्दल बोलले तेव्हा आवाज बदलला. मग म्हणाले, "आमची मुले शिकतील कधी? बर्फ असतो तो महिना-दीड महिना. त्यातच कमवायचे आणि त्यातच शिकायचे."

आम्ही परतलो आणि आठवड्याभरातच बर्फ आला. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत असा आला की आम्ही जिथे गवत तुडवले तिथे कुंपणाच्या खांबांची फक्त टोके उरली. चाचांनी व्हिडिओ पाठवला, सोबत एकच शब्द, मुबारक. मुले दोन दिवस आमच्यावर रुसून होती. रमजान २ मार्चला लागला आणि पुढे ढकललेले खेळ ९ ते १२ मार्चला झाले. सहेरी करून, फजर पढून चाचा अंधारातच वर चढायचे, कारण शर्यतीचा उतार ऊन लागण्याआधी तयार व्हावा लागतो. दुपारी बर्फ सुटायला लागला की त्यांचे काम संपायचे. रोजा असताना हे कसे जमते, असे आम्ही फोनवर विचारले. म्हणाले, थंडीत तहान लागत नाही, जनाब.

पाहुण्यांचा बर्फ म्हणजे काय ते तोवर कळले होते. घरच्यांचा कोणता, ते जूनमध्ये समजले. चाचांचे थोडे भातशेत आहे. त्याला पाणी येते ते वरच्या बर्फावर पोसलेल्या ओढ्याचे, आणि भाताची लावणी असते जूनमध्ये, वरचा बर्फ बहुतेक वाहून गेल्यावर. खुशाली विचारायला आम्ही फोन केला तेव्हा ते शेतातच होते. मार्चचा तो सगळा बर्फ एप्रिलमध्येच पाणी होऊन झेलमला मिळाला होता, आणि गावाने ओढ्यावर पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. त्यांची पाळी रात्री दोनची होती.