एकाआड एक पट्टी

बागेतला लाकडी बाक पाहिला तर तो बहुधा पट्ट्यांचाच असतो. अखंड फळीचा बाक उघड्यावर सहसा टिकत नाही. त्याचं पहिलं कारण कुणालाही सुचेल: पावसाचं पाणी फळीवर साचतं आणि पट्ट्यांमधल्या फटींतून वाहून जातं. दुसरं कारण सुतारांना चांगलं ठाऊक असतं, गिऱ्हाइकांच्या मात्र सहसा लक्षात येत नाही. लाकूड हवेतली ओल शोषतं आणि फुगतं, उन्हात ती सोडतं आणि आखडतं. हा फुगवटा लांबीच्या दिशेने नगण्य असतो. जे काही होतं ते रुंदीत आणि जाडीत होतं. सागवानातली ओल सहा टक्क्यांनी वाढली, तर फळी कशी चिरली आहे त्यानुसार ती रुंदीत साधारण एक टक्क्यापर्यंत फुगते. म्हणजे 60 सेंटिमीटर रुंदीची फळी 6 मिलिमीटर वाढते. ती दोन्ही कडांना खिळ्यांनी जखडलेली असेल, तर वाढायला जागा नसल्याने वाकते आणि आखडताना तडकते. हीच रुंदी 6-6 सेंटिमीटरच्या पट्ट्यांत वाटली, की प्रत्येक पट्टी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर हलते आणि ती हालचाल शेजारच्या फटीत मुरून जाते. बाहेरच्या लाकूडकामात फट ठेवावीच लागते, हे यावरून स्पष्ट व्हावं.

प्रश्न असा, की फट ठेवावीच लागते तर तिच्याकडून आणखी एक काम का करून घेऊ नये? समजा, बाकाच्या बैठकीच्या पट्ट्या उभ्या धारेवर ठेवल्या आणि त्यांच्यामध्ये बरोबर एक पट्टी मावेल एवढी जागा सोडली. पाठीच्या पट्ट्याही तशाच केल्या, पण एक घर सरकवून. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशा बैठक आणि पाठ एकमेकींत शिरतात. जिथे त्या भेटतात तिथे सगळ्यांतून एकच आडवी सळई ओवली, की संपूर्ण बाक म्हणजे एक लांबलचक बिजागरी होते. पाठ उभी असेल तेव्हा तो बाक. पाठ मागे आडवी केली, की लोळायची खाट. आणि पाठ पुढे बैठकीवर मिटवली, की तिच्या पट्ट्या बैठकीच्या फटींत उतरतात, दोघांच्या वरच्या कडा एका पातळीत येतात आणि चहाचा कप न कलंडता उभा राहील असा सलग पृष्ठभाग तयार होतो. बसताना हवा आणि पाणी जाऊ देणारी फट टीपॉय करताना आपोआप बुजते. एकमेकांत गुंतणाऱ्या पट्ट्यांचं फर्निचर मला मोलाचं वाटतं ते याचसाठी: बदलता येण्याची सोय इथे वरून चिकटवलेली नाही, बाहेरच्या लाकडाला जी फट नाहीतरी द्यावी लागते तिच्यातूनच ती निघते.

ही युक्ती आजची नाही. पोथी किंवा कुराण ठेवायची घडीची रेहल अनेकांनी पाहिली असेल. ती एकाच फळीतून कोरतात. फळीच्या मधोमध एकमेकांत अडकलेली बोटं कोरून काढतात, उरलेला भाग जाडीतून चिरून दोन पानं वेगळी करतात, आणि फळी फुलीसारखी उघडते. खिळा नाही, सरस नाही, वेगळी बिजागरीही नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हसन बिन सुलेमान इस्फहानी या कारागिराने 1360 साली घडवलेली अशी रेहल आहे. युरोपात प्रबोधनकाळात इटलीत बनलेल्या, आज ‘साव्होनारोला’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या घडीच्या खुर्च्यांमध्ये बाकदार पट्ट्यांच्या कितीतरी जोड्या एकाआड एक गुंफून बैठकीखाली एका दांडीवर फिरवलेल्या असतात. माणूस बसला की त्याच्याच वजनाने फुली घट्ट उघडी राहते. दोन्ही वस्तू घरातल्या. पाऊस-उन्हात हे तत्त्व नेताना मात्र हिशेब बदलतो, आणि तो करून पाहिल्याशिवाय या कल्पनेची खरी किंमत कळत नाही.

सुमारे 120 सेंटिमीटर लांबीचा, दोघांना पुरेल असा बाक घेऊ. पट्टी 2 सेंटिमीटर जाड आणि 6 सेंटिमीटर उंच. दोन शेजारी पट्ट्यांमध्ये 3 मिलिमीटरची चकती, जिला कारागीर वायसर म्हणतात. या मापाने लांबीत 52 पट्ट्या बसतात, 26 बैठकीच्या आणि 26 पाठीच्या. बैठकीची पट्टी 50 सेंटिमीटर. पाठीची 70, त्यातले 10 सेंटिमीटर सळईच्या खाली शेपटीसारखे उतरलेले. एवढ्याला सव्वा घनफुटाहून थोडं जास्त लाकूड लागतं आणि सागाचं वजन पायांशिवायच सुमारे 24 किलो भरतं. हा बाक हलका नाही, हे आधीच मान्य करायला हवं. आता सळई. बारा मिलिमीटरची स्टीलची सळई हातात घेतली तर भक्कम वाटते, पण फक्त दोन टोकांच्या आधारावर 120 सेंटिमीटर पसरवून तिच्यावर 75 किलो वजन वाटून टाकलं तर ती मधोमध आठ सेंटिमीटरहून अधिक वाकेल. वाकणं हे अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. त्याच वजनासाठी अंतर एक तृतीयांश केलं की वाकणं सत्तावीस पटीने घटतं. म्हणून दर 40 सेंटिमीटरवर पायाची एक चौकट हवी, एकूण चार. मग वजनही तीन भागांत वाटलं जातं आणि सळई एखाद्या मिलिमीटरपलीकडे दबत नाही. असे बाक मधोमध झोळ पडून आवळतात तेव्हा दोष लाकडाला दिला जातो. बहुतेक वेळा तो मधले पाय वाचवण्याचा असतो.

पाठ हव्या त्या कोनात थांबवायची कशी, हा रचनेतला सर्वांत अवघड भाग. जुन्या कापडी आरामखुर्चीच्या मागच्या दांड्यांवर खाचा असतात आणि आडवी काठी एकीतून दुसरीत टाकली की खुर्ची अधिक पसरते. तोच विचार इथे चालतो. पायांच्या चौकटींत तीन ठिकाणी भोकं पाडायची आणि त्यांतून एक आडवी सळई पाठीच्या शेपट्यांपुढे ओवायची. माणूस मागे रेलला की शेपट्या पुढे यायला बघतात आणि सळईला अडतात. यात तरफेचा नियम निर्दय आहे. रेलणाऱ्या माणसाचा 30 किलोचा भार बिजागरीपासून 40 सेंटिमीटर वर पडला, तर 10 सेंटिमीटरच्या शेपटीवर 120 किलोचा जोर येतो. दोन-तीन पट्ट्यांनी हा जोर पेलायचा म्हटला तर त्या सळईपाशी चिरतील. पण पट्ट्या 26 आहेत आणि सगळ्या एकाच वेळी सळईला टेकत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला पाच किलोही येत नाहीत. अट एवढीच, की सगळ्या खरोखर टेकल्या पाहिजेत. त्यासाठी 52 पट्ट्यांची भोकं हाताने खूण करून पाडणं चालत नाही. एक साचा करून, त्यात प्रत्येक पट्टी बसवून, उभ्या ड्रिलवरच ती पाडावी लागतात. एखादं भोक मिलिमीटरभर सरकलं, की तेवढी पट्टी टीपॉयच्या पृष्ठभागावर वर येते आणि रेलताना एकटीच सगळा जोर घेते. पाठ पूर्ण आडवी करून झोपायचं असेल, तर मागच्या टोकाला उघडमिट करणारा एक पाय अनिवार्य आहे. तो नसेल तर बाक माणसासकट मागे उलटेल.

‘एकात तीन’ म्हटलं की अनेकांना सोफा-कम-बेड आठवतो. आणल्यावर आठवडाभर उघडझाक होते, नंतर तो कायमचा सोफा राहतो. आक्षेप रास्त आहे. बहुउपयोगी वस्तू वापरली जात नाही, कारण रूप बदलण्याआधी उशा उचला, टेबल सरकवा, कडी शोधा, असं बरंच काही करावं लागतं. दुसरी चूक उंचीची. बसायची उंची 42 ते 45 सेंटिमीटर, जेवणाच्या टेबलाची 72 ते 75. एकाच वस्तूत ही दोन्ही मापं आणायला गेलं की जादा सांधे येतात, आणि सांधा वाढला की डुगडुग वाढते. म्हणून या बाकाकडून जेवणाच्या टेबलाची अपेक्षा करूच नये असं माझं ठाम मत आहे. बाक, लोळायची खाट आणि टीपॉय ही तिन्ही कामं जवळजवळ एकाच उंचीवर होतात. फक्त पाठ फिरवायची, आणि खाट करताना मागचा पाय उघडायचा. फ्लॅटच्या गच्चीत किंवा गॅलरीत जिथे तीन वेगळ्या वस्तू ठेवायला जागा नाही, तिथे एक-दोन हालचालींत होणारा बदल माणूस खरंच करतो.

याहून तांत्रिक आक्षेप असा, की फटींचं गुणगान करायचं आणि बिजागरीपाशी पट्ट्या एकमेकींना लावून ठेवायच्या, यात विसंगती आहे. पाणी नेमकं तिथेच अडकेल. खरं आहे, आणि म्हणूनच 3 मिलिमीटरची चकती. दोन पट्ट्यांमधलं अंतर एखाद्या मिलिमीटरचं असेल तर पाण्याचा पापुद्रा तिथे धरून राहतो. ते वाढवलं की पाणी स्वतःच्या वजनाने खाली सुटतं आणि हवा फिरते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, तेव्हा भिजणं टाळण्यापेक्षा लवकर सुकणं महत्त्वाचं. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे चार महिने काहीच सुकत नाही. तिथे बाक छपराखालीच न्यावा. फुगण्याचं काय? बावन्न पट्ट्यांची मिळून 104 सेंटिमीटर जाडी होते आणि तिचा एक टक्का म्हणजे एक सेंटिमीटर. उन्हाळ्यात नट घट्ट आवळून बसवलेला बाक जुलैत फिरेनासा होतो तो यामुळे. टोकाला सेंटिमीटरभर मोकळीक सोडली आणि नट सुटू नये म्हणून दुसरा नट चढवला, की प्रश्न मिटतो. सळई साध्या लोखंडाची असेल तर गंज फुगून लाकूड आतून फोडतो. किनाऱ्याजवळ, रत्नागिरी-मालवण-गोव्याच्या खाऱ्या हवेत, नेहमीच्या 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही डाग पडतात. तिथे 316 घ्यावं. लाकूड निवडताना सागाचा गडद गाभाच हवा. बाहेरचा फिकट थर नावाला साग असतो, वाळवी आणि बुरशीपुढे तो टिकत नाही. वखारीत कमी वयाच्या सागात हा फिकट भाग बराच निघतो, तेव्हा पट्टी उलटीपालटी करून पाहावी.

एका आक्षेपापुढे मात्र मला माघार घ्यावीशी वाटते, तो बोटांचा. पाठ उघडी असताना दोन पट्ट्यांमध्ये 26 मिलिमीटरची जागा असते, मूल सहज बोट घालेल एवढी. पाठ मिटताना ती 3 मिलिमीटरवर येते आणि दोन्ही कडा कात्रीसारख्या एकमेकींजवळून जातात. कडा गोल केल्याने, किंवा पाठीच्या टोकाला धरायला दांडा देऊन हलवणाऱ्याचे दोन्ही हात तिथे गुंतवल्याने धोका कमी होतो. शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या बोटांचा धोका उरतोच. त्यामुळे सोसायटीच्या किंवा नगरपालिकेच्या बागेत, जिथे कोण कधी पाठ मिटवेल यावर कुणाचं लक्ष नाही, तिथे हा बाक हलता असू नये. पट्ट्यांचाच करावा, पण सळई कायमची जखडून. घरच्या गच्चीवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आणि मिटण्यापूर्वी काढावी लागेल अशी कडी लावून, तो हलता ठेवायला हरकत नाही.

राहिली प्लास्टिकची खुर्ची. फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी 1972 साली एका साच्यातून एका दाबात निघणारी खुर्ची बाजारात आणली आणि तिच्या वंशजांनी जगभरची अंगणं व्यापली. हलकी, स्वस्त, धुता येते, एकावर एक रचता येते. लग्नाच्या मांडवात तिला पर्याय नाही. पण ती एकसंध आहे, म्हणून तिचा पाय मोडला की सगळी खुर्ची मोडीत जाते. उन्हाने पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होत जातं, आणि ठिसूळ झालेलं प्लास्टिक कुणीही सांधू शकत नाही. पट्ट्यांच्या बाकात 52 पट्ट्या आहेत, त्याही दोनच मापांच्या. एक पट्टी कुजली तर सळई ओढून तेवढी बदलता येते, आणि ते काम गल्लीतला कुठलाही सुतार करू शकतो. इटालियन डिझायनर एन्झो मारी यांनी 1974 साली साध्या फळ्या आणि खिळ्यांतून कुणालाही घरी करता येतील अशा 19 वस्तूंचे आराखडे काढले आणि टपालखर्च पाठवणाऱ्याला ते देऊ केले. आपल्या वस्तूची रचना माणसाला कळावी, हा त्यांचा आग्रह होता. पट्ट्यांचा बाक या कसोटीला पूर्ण उतरतो. त्याच्याकडे बघूनच तो कसा उभा आहे हे समजतं. पहिला खर्च प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त येईल, आणि ज्याला दोन वर्षांत घर बदलायचं आहे त्याने 24 किलोंचं लोढणं गळ्यात बांधून घेऊ नये. ज्याची गच्ची कायमची आहे त्याने सुताराला काम देताना दोन्ही मापांच्या तीन-तीन पट्ट्या जास्तीच्या कापून, भोकं पाडून घ्याव्यात, त्यांना जवसाचं तेल लावून कोरड्या जागी ठेवावं, आणि भोकं पाडायचा साचा सुताराकडे न ठेवता स्वतःकडे मागून घ्यावा.