बदाम, हातोडी आणि चंद्र

चंद्रावर जाऊन आलेल्या घड्याळाच्या कडेला मोटारीचा वेग मोजायची पट्टी असते, हे कळलं तेव्हा मला फार नवल वाटलं. ओमेगाचं स्पीडमास्टर १९५७ साली बाजारात आलं ते मोटारशर्यतींसाठी. माणूस अजून अवकाशात गेलाही नव्हता. तबकडीभोवतीच्या काळ्या कड्यावर ५०० पासून ६० पर्यंत उतरत जाणारे आकडे असतात, तो टॅकिमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ड्रायव्हरशेजारी बसा, किलोमीटरच्या एका खुणेपाशी बटण दाबा आणि पुढची खूण आली की पुन्हा दाबा. काटा ३६ सेकंदांवर थांबला तर त्याच्यासमोर १०० दिसतं, म्हणजे गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते आहे. ४५ सेकंद लागले तर ८०. तासाचे ३६०० सेकंद भागिले लागलेले सेकंद, एवढंच गणित, पण ते आधीच करून कड्यावर मांडून ठेवलेलं. चंद्रावर या पट्टीचा काडीचा उपयोग नव्हता. तरी मूनवॉच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या स्पीडमास्टरवरही ती आहे, आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. हे घड्याळ अवकाशासाठी घडवलेलं नव्हतं, हे त्या पट्टीमुळे विसरता येत नाही.

१९६२ मध्ये अंतराळवीर वॉली शिरा मर्क्युरी यानातून पृथ्वीभोवती फिरून आले, तेव्हा त्यांच्या हातात स्वतःचं स्पीडमास्टर होतं. पुढे १९६४ मध्ये नासाचे इंजिनिअर जेम्स रेगन यांनी घड्याळ कंपन्यांकडून क्रोनोग्राफ मागवले आणि त्यांची अक्षरशः परीक्षा पाहिली. ७१ अंश सेल्सिअसमध्ये ४८ तास, लगेच पुढे ९३ अंशांत अर्धा तास. मग उणे १८ अंशांत चार तास. जवळजवळ निर्वात पेटीत पुन्हा पुन्हा तापवणं आणि गारठवणं. ९५ टक्के आर्द्रतेत २४० तास. शिवाय ४० जी इतके धक्के, कंपनं आणि १३० डेसिबलचा आवाज. एका घड्याळाचा काटा उष्णतेने वाकला आणि दुसऱ्या काट्याला अडकला, आणखी एकाची काच वाकून निखळली. स्पीडमास्टरही काही अगदी बिनचूक राहिलं नाही. एका चाचणीत ते २१ मिनिटं पुढे गेलं, दुसऱ्या चाचणीत १५ मिनिटं मागे पडलं आणि तबकडीवरचा अंधारात चमकणारा लेपही गेला. पण ते चालत राहिलं. १ मार्च १९६५ ला अवकाशमोहिमांसाठी त्याची निवड झाली. ना बॅटरी, ना कुठलं इलेक्ट्रॉनिक्स. पिळलेल्या स्प्रिंगवर चालणारं, दुकानात मिळणारं घड्याळ!

आता झाकणाच्या आत डोकावू या, कारण खरी गंमत तिथे आहे. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळाच्या पोटात बसवलेलं स्टॉपवॉच. मूनवॉचच्या मधोमध असलेला लांब सेकंदकाटा बहुतेक वेळ बारावर स्वस्थ उभा असतो. घड्याळ बंद पडलंय की काय, असं नवख्याला वाटतं. रोजचे सेकंद मोजणारा काटा नऊच्या बाजूच्या छोट्या तबकडीत फिरत असतो. वरचं बटण दाबलं की आतली एक तरफ हलते आणि अखंड फिरणारं एक दातेरी चाक सरकून स्टॉपवॉचच्या चाकाला भिडतं. दात दातांत बसतात, लांब काटा निघतो. पुन्हा दाबलं की चाकं वेगळी होतात, काटा जागच्या जागी थांबतो. तीनच्या बाजूची तबकडी ३० मिनिटं मोजते, सहाच्या बाजूची १२ तास.

आणि मग खालचं बटण. काटा १७ वर असो की ५२ वर, ते दाबताच तो टपकन शून्यावर येतो. आपण कुठे आहोत हे त्याला कसं कळतं? त्याला काहीच कळत नाही. काट्याच्या अक्षावर पत्त्यांतल्या बदामासारखा एक इवलासा पोलादी तुकडा बसवलेला असतो. अक्षाचं भोक बदामाच्या वरच्या खाचेजवळ असतं, त्यामुळे टोक अक्षापासून लांब आणि खाच अगदी जवळ. बटण दाबलं की एक हातोडी या बदामाच्या कडेवर येऊन आपटते. ती कुठेही आपटो, कडेचा बाकच असा की दाबाखाली बदामाला फिरावंच लागतं, आणि हातोडी खाचेच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांवर आडवी टेकेपर्यंत तो फिरत राहतो. ती जागा म्हणजेच शून्य. लांब काट्याला एक बदाम, मिनिटांना एक, तासांना एक. तिन्हींवर एकदम घाव. या बदामाचं पेटंट अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये घेतलं होतं. ती युक्ती अवकाशयानात गेली, हे मला रॉकेटइतकंच थोर वाटतं.

१९६९ मध्ये अपोलो ११ च्या वेळी चांद्रयानातलं टायमर बिघडलं, म्हणून आर्मस्ट्राँग यांनी आपलं घड्याळ यानातच ठेवलं. चंद्रावर पहिल्यांदा मनगटावर वागवलं गेलं ते ऑल्ड्रिन यांचं स्पीडमास्टर. पुढे संग्रहालयाकडे पाठवताना ते वाटेतच हरवलं.

या घड्याळाची खरी गरज पडली ती एप्रिल १९७० मध्ये. अपोलो १३ च्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला होता. वीज वाचवण्यासाठी यंत्रणा बंद केलेल्या होत्या. घराकडे येणारी वाट किंचित चुकत होती, आणि वातावरणात शिरायचा कोन चुकला असता तर यानातल्या तिघा अंतराळवीरांच्या जिवावर बेतलं असतं. वाट सुधारायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. लव्हेल आणि हेझ यांनी खिडकीतून पृथ्वीवर नेम धरून यान सांभाळलं, आणि स्वायगर्ट यांनी मनगटावर सेकंद मोजले. तिघंही सुखरूप परतले.

हे घड्याळ आज घ्यायचं तर काही लाख रुपये मोजावे लागतात. काचेचे पर्याय दोन, नीलमणी आणि हेसालाइट. नीलमण्याच्या काचेवर सहसा ओरखडा उठत नाही, आणि त्या घड्याळाच्या पाठीमागूनही आतलं यंत्र दिसतं. हेसालाइट म्हणजे ॲक्रिलिक. त्यावर शर्टाच्या बाहीतल्या बटणानेही रेघ उमटते, पण ते फुटून तुकडे उडत नाहीत. भाररहित यानात काचेचे कण तरंगत राहिले तर डोळ्यांत नि श्वासात जातील, म्हणून त्या काळी तेच योग्य होतं. माझं मत विचाराल तर हेसालाइटच घ्या. भिंगाखाली धरलंत तर त्या काचेच्या मध्यभागी ओमेगाचं सूक्ष्म चिन्ह दिसेल, आणि ओरखडे ॲक्रिलिकच्या पॉलिशने घासले की जातात.

२०२१ पासून आत ३८६१ हे यंत्र आहे. १५,००० गॉसचं चुंबकीय क्षेत्र त्याला बाधत नाही, आणि पूर्ण चावी दिली की ते ५० तास चालतं. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या. अडकल्यासारखं वाटलं की थांबा. पावसाच्या सरींची चिंता नको, मात्र पाण्यात बटणं दाबू नका, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्याऐवजी नायलॉनचा पट्टा लावा. कपाटात जपून ठेवायला हे घड्याळ घेऊ नका. चहा उकळायला, लोकल दोन स्टेशनांमधलं अंतर तोडायला, नातवाला गल्लीच्या टोकापर्यंत पळून यायला किती वेळ लागतो ते मोजा. मग खालचं बटण दाबा, आणि त्या नातवाला बदामाची गोष्ट सांगा.