गद्धेगाळ वाचायचा कसा?

सोमाटणे फाट्यावरून जुन्या महामार्गाने लोणावळ्याकडे निघालं की कार्ले फाटा लागतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका गावाची सनद कोरलेली आहे. क्षहरात घराण्यातल्या नहपानाचा जावई उषवदात याने करजिक गाव वालुरक, म्हणजे इथल्याच लेण्यातल्या भिक्षूंना दिलं. पुढे सातवाहन आले. त्यांनीही मामाल, म्हणजे आपल्या मावळच्या अमात्याला हुकूम धाडला की हे गाव भिक्षूंचं; तिथे सरकारी माणसांनी शिरायचं नाही, मीठ खणायचं नाही. चित्र मात्र नाही. सगळी भिस्त अक्षरांवर.

हजारएक वर्षांनी, शिलाहार-यादवांच्या काळात, दानाच्या दगडावर चित्र आलं. तोच गद्धेगाळ. तो वरून खाली वाचायचा. माथ्यावर सूर्य-चंद्र, बहुधा मध्ये कलश. सूर्य-चंद्र हे साक्षीदार आणि दानाची मुदतही: ते आकाशात आहेत तोवर दान चालू. मधल्या पट्ट्यात कोणी, कोणाला, काय दिलं ते. तळाला गाढव आणि बाई यांचा संग. दान मोडणाऱ्याला दिलेली ही आईवरची शिवी. परळच्या इ.स. ११८७ च्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शिवी चक्क मराठीत! ज्याला उद्देशून ती दिली, त्याला कळायला नको? ज्याला वाचताच येत नव्हतं, त्याच्यासाठी चित्र होतंच.

एवढी जहाल भाषा कशासाठी? राजा मेला, घराणं बदललं, की दान हिसकावणारा बऱ्याचदा नवा सत्ताधीशच असे. त्याच्यावर फिर्याद कुठे करायची? म्हणून गुन्ह्याआधीच निकाल लावून ठेवायचा. ताम्रपटांतही दान हरण करणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो, पण ते वाचणार शास्त्री-पंडित.

न्यायाची चित्रं इतरत्रही आहेत. इजिप्तच्या चित्रांत मेलेल्या माणसाचं काळीज पिसाशी तोलतात. युरोपच्या न्यायदेवतेच्या हाती तराजू आणि तलवार. तिच्या डोळ्यांवरची पट्टी १४९४ साली बासेलला छापलेल्या एका पुस्तकात दिसते, तिथे ती एक मूर्ख बांधतो आहे. म्हणजे ती मुळात थट्टा. निःपक्षपातीपणाचा अर्थ मागून चिकटला. २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात बसवलेल्या मूर्तीचे डोळे उघडे आहेत आणि तलवारीच्या जागी संविधान आहे.

गद्धेगाळावर न्यायाधीश नाही, तराजू नाही आणि खरं तर गुन्हेगारही नाही. जमीन लाटणार पुरुष, अब्रू जाणार त्याच्या आईची. शिल्प म्हणून दगड कितीही मोलाचा असो, हा न्याय मला पटत नाही.

असे कित्येक दगड आज शेंदूर फासून देव झालेत, काही भिंतीत चिणले गेलेत. बांधावर सूर्य-चंद्र कोरलेला दगड दिसला तर तो खरवडू नका, ऑइलपेंट लावू नका, जागचा हलवू नका. फोटो काढून राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.