दुष्काळातला ‘काळ’ कोणता?

मराठीत आपण ‘दुष्काळ’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘बरगाल’. दोन्ही शब्दांच्या पोटात ‘काळ’ बसलेला आहे. पाऊस पडला नाही, काळ वाईट आला, माणसे उपाशी राहिली, असा हिशेब आपल्या दोन्ही भाषांनी पिढ्यान् पिढ्या मांडला. आपल्या भागाला तो अनुभवही आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांतल्या दुष्काळात बेळगाव, धारवाड आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा होरपळून निघाला. पाऊस हुकला हे खरेच; पण त्याच काळात हिंदुस्थानातून धान्याची जहाजे परदेशी जात होती, हेही तितकेच खरे. म्हणजे तेव्हासुद्धा सारा दोष एकट्या काळाचा नव्हता.

आज तर तो हिशेब अगदीच जुळत नाही. जगात वर्षाला २८० कोटी टनांहून अधिक तृणधान्य पिकते. आठ अब्ज माणसांत वाटले तर माणशी रोज जवळजवळ एक किलो. त्यातला बराच भाग जनावरांच्या खाद्याला आणि इंधन बनवायला जातो, तरीही माणसांना पुरून उरावे एवढे धान्य आहे. आणि तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ साली सुमारे ६७ कोटी माणसे, म्हणजे दर बारा जणांमागे एक, भुकेली होती.

हे कोडे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात उलगडले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की, बाजारात धान्य असूनही ते घेण्याची ऐपत गेली की माणूस मरतो. प्रश्न धान्य किती आहे एवढाच नसून ते कोणाच्या ताटापर्यंत पोचते, हा आहे. ती वाट कशी अडते आणि कशी मोकळी होते, हे अलीकडच्या एका घटनेवरून चांगले समजते.

युद्ध अल्ली, बेले इल्ली

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली. महिनाभरातच रविवार पेठेत सूर्यफूल तेलाची लिटरची पिशवी दोनशे रुपयांच्या घरात गेली. आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात रायबागकडच्या एका मुलाने विचारले, “युद्ध अल्ली, बेले इल्ली याके, सर?” लढाई तिकडे, मग भाव इकडे का? वर्षभरात मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता.

उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच होते. आपण लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो, आणि युद्धापूर्वी बाहेरून येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा वाटा युक्रेनचा होता. आपल्या उत्तर कर्नाटकातही ‘सूर्यकांती’ची शेते पूर्वी दूरवर पिवळी दिसत. आयात तेल स्वस्त पडू लागले तशी ती आकसत गेली. स्वस्ताईने लावलेली सवय महागाईच्या दिवशी अंगावर आली.

दुसरी बाजू इंधनाची. युरिया बनतो अमोनियापासून आणि अमोनिया बनतो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून. युद्धामुळे वायूचे दर भडकले, तेव्हा युरोपातले काही खत कारखाने थांबवावे लागले. आपल्याकडे युरियाच्या पोत्याची किंमत वाढली नाही, कारण फरक सरकारने सोसला. २०२२-२३ मध्ये केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांपर्यंत पोचले. ज्या देशांच्या तिजोरीत एवढे बळ नव्हते, तिथल्या शेतकऱ्याने खत कमी घातले किंवा घातलेच नाही. इंधन, लढाई आणि भूक हे पाठ्यपुस्तकातले तीन वेगळे धडे शेताच्या बांधावर असे एक होतात.

शत्रूंनी उघडलेली वाट

युद्धापूर्वी जगात निर्यात होणाऱ्या गव्हापैकी सुमारे पाव हिस्सा रशिया आणि युक्रेन मिळून देत. लढाई सुरू होताच काळ्या समुद्रात सुरुंग पेरले गेले, बंदरे बंद पडली आणि युक्रेनच्या कोठारांत दोन कोटी टनांवर धान्य अडकले. मार्च २०२२ मध्ये जागतिक अन्नदरांचा निर्देशांक तोवरच्या उच्चांकावर गेला.

२२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये संयुक्त राष्ट्रे आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने करार झाला. दोन्ही शत्रू एकाच कागदावर सही करायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या कागदांवर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रे पडली. तरीही १ ऑगस्टला मक्याने भरलेले पहिले जहाज बाहेर पडले. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजाची तपासणी रशिया, युक्रेन, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रे यांचे लोक एकत्र करत. तिकडे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते आणि इकडे त्याच देशांचे निरीक्षक एका जहाजावर धान्य पाहत होते! वर्षभरात जवळजवळ ३ कोटी ३० लाख टन धान्य आणि इतर अन्नमाल त्या वाटेने गेला. ‘ब्रेव्ह कमांडर’ नावाचे जहाज २३ हजार टन गहू घेऊन इथिओपियातल्या भुकेल्यांसाठी निघाले. जगातले दरही उतरले.

करारात दोष होते. त्या मालात निम्म्याहून अधिक मकाच होता आणि बराच माल चीन आणि युरोपकडे गेला. आपल्या खताच्या आणि धान्याच्या निर्यातीतल्या अडचणी दूर झाल्या नाहीत, ही रशियाची तक्रार होती. अखेर १७ जुलै २०२३ रोजी रशिया बाहेर पडला आणि करार संपला. पुढे युक्रेनने किनाऱ्याच्या कडेने स्वतःची वाट काढली. पण मनात आणले तर भर लढाईतही ताटाची वाट वेगळी ठेवता येते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

आपले दार

दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवताना आपलेही दार पाहिले पाहिजे. मार्च २०२२ च्या उष्णतेने आपल्या गव्हाला मार बसला आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. २० जुलै २०२३ ला, म्हणजे काळ्या समुद्रातला करार संपल्यावर तीनच दिवसांनी, बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा सुमारे चाळीस टक्के. आपण ज्याला कणी म्हणतो, कन्नडमध्ये नुच्चक्की, तो तुकडा तांदूळ सेनेगलमध्ये घरोघरी रोज शिजतो. त्याचीही निर्यात सप्टेंबर २०२२ पासून बंद झाली होती.

सरकारने चूक केली असे मी म्हणत नाही. आपल्या रेशनवरच्या माणसाला आधी घास मिळालाच पाहिजे. पण प्रत्येक देशाने हेच म्हणत दार लावले, तर जो देश धान्य विकतच घेतो त्याने कोणाकडे जायचे? यावर एक छोटा तोडगा जून २०२२ मध्ये जिनिव्हात निघाला. जागतिक अन्न कार्यक्रम ही संस्था भुकेल्यांसाठी जे धान्य खरेदी करते, त्यावर निर्यातबंदी लावायची नाही, असे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी ठरवले. दार लावले तरी खिडकी उघडी राहावी, एवढाच त्याचा अर्थ. असे आणखी नियम हवेत.

न्यायाचा प्रश्न

खरी कसोटी पुढे आहे. नागरिकांना उपाशी ठेवणे हे लढाईचे हत्यार होऊ नये, असा ठराव सुरक्षा समितीने २४ मे २०१८ रोजी एकमताने केला. पण एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी पेटली. नाईलच्या पाण्यावर भिजणारा गझीरासारखा विशाल कालवा-प्रदेश ज्या देशात आहे, तिथेच ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तिथे मदतीचे रस्ते लढणाऱ्यांनी अडवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने गाझाच्या संदर्भात जी अटक वॉरंटे काढली, त्यांत उपासमारीचे हत्यार वापरल्याचा आरोप आहे. कायदा आहे, आरोपही होतो. पण आरोपीला न्यायालयापुढे उभे करायची ताकद त्या न्यायालयाकडे नाही. ती सदस्य देशांच्या इच्छेवर अवलंबून असते.

आपल्या घरात मुले दोन भाषांत वाढतात. ती दुष्काळ म्हणतील, बरगाल म्हणतील. त्यांना पाऊस किती पडला हे जरूर सांगावे. पण धान्य कुठे होते आणि वाट कोणी अडवली, हे विचारायलाही शिकवावे. काळाला जाब विचारता येत नाही. माणसांना विचारता येतो.