बसणारा भाग आणि जुळणारा भाग

जुनी मोटार जपणाऱ्या माणसाला सर्वांत अधिक दमवितो तो चार बोटांत मावणारा सुटा भाग. इंजिन उघडणारे मेस्त्री गावोगावी मिळतात. परंतु गिअरबॉक्सवरचा एखादा लहानसा स्विच निकामी झाला आणि ती मोटार बनविणारा कारखानाच बंद पडलेला असला, म्हणजे दुकानदार पेटीतून दुसराच स्विच काढतो व म्हणतो, "हा बसेल, साहेब." बसेल हे खरे, पण जुळेल काय? या दोन शब्दांतील अंतर सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

उदाहरणासाठी इंग्लंडमधील एमजीबी ही मोटार घेऊ. ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. एकंदर पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला, कामगार पांगले. गाड्या मात्र आजही धावत आहेत. यांपैकी पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे ओव्हरड्राइव्ह नावाचे जोडयंत्र असते. ते सुरू केले की गाडीचा वेग तोच राहतो आणि इंजिनाचे फेरे सुमारे एकपंचमांशाने कमी होतात.

चार गिअरांच्या पेटीवर दोन स्विच असतात. मागे जाण्याचा गिअर टाकताच एक स्विच मागील पांढरे दिवे लावतो. दुसरा पहारेकरी आहे: वरच्या गिअरांखेरीज ओव्हरड्राइव्हला वीज मिळू द्यायची नाही, हे त्याचे काम. कारण ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली, तर आतील एकाच दिशेने फिरणारा क्लच मोडतो आणि मोठा खर्च अंगावर येतो.

तेव्हा बदली स्विच घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, आटे. इंची मापात इंचाला १६ आटे असले, तर दोन आट्यांतील अंतर सुमारे १.५९ मिलिमीटर भरते. मेट्रिक मापातील एक आटा १.५ मिलिमीटरचा आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच. स्विच दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तेथे पाना लावून जोर केला, की ॲल्युमिनियमच्या पेटीचे आटे गेले! म्हणून स्विच शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे.

दुसरी गोष्ट, पुढे आलेल्या दांडीची लांबी व तिची चाल. दांडी आखूड पडली तर जोडणी होत नाही. लांब पडली तर जोडणी सुटत नाही किंवा दांडीच चेचली जाते. स्विचखाली घातलेल्या पातळ चकत्या हे अंतर राखतात, म्हणून जुना स्विच काढताना त्या मोजून ठेवाव्यात. तिसरी गोष्ट, दांडी दाबली असता जोडणी होते की तुटते? बाहेरून सारखे दिसणारे दोन स्विच येथे एकमेकांच्या उलट वागू शकतात. चौथी, विजेचा भार. २१ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात. तेवढे सोसणारा स्विच हवा.

शिवाय "एमजीबीचा स्विच द्या" एवढे म्हणून भागत नाही. १९६७ च्या अखेरीस तिचा गिअरबॉक्स बदलला आणि त्याबरोबर ओव्हरड्राइव्हचा प्रकारही बदलला. नावापेक्षा गाडीचे साल व पेटीवरचा क्रमांक अधिक खरा.

भाग बसविल्यावर इंजिन बंद ठेवून स्विचच्या दोन तारांशी तपासणीचा दिवा जोडावा व दांडा प्रत्येक गिअरमध्ये घालून पाहावा. कोणत्या गिअरला दिवा लागला, कोणत्याला नाही, हे लिहून ठेवावे. वरच्या गिअरांत लागला म्हणून समाधान मानू नये; मागच्या गिअरमध्ये तो विझतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. मेलेला पहारेकरी फक्त काम अडवितो. सदैव "जा" म्हणणारा पहारेकरी मात्र नाश करतो. प्रेसवरचा संरक्षक स्विच तारेने कायमचा जोडून काम उरकण्याची रीत आम्ही कारखान्यांत पाहिली आहे. तेथे पेटीऐवजी कामगाराची बोटे जातात.

आपल्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबल्यानंतरही तिची टॅक्सी २०२३ पर्यंत चालली, ती मेस्त्र्यांच्या हातांवर. कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रांची यादी होते, जमिनीची मोजणी होते; कामगाराच्या हातातील ज्ञान मात्र कोणी मोजून घेत नाही. कोणत्या सालच्या पेटीला कोणता स्विच जुळला व खाली किती चकत्या लागल्या, हे आपल्या मेस्त्र्याला विचारून त्याच्या नावासह वहीत उतरवावे. पुढल्या माणसाला ती वहीच उपयोगी पडेल.