गवारीची सव्वाशे वर्षं

१९०३ साली टेक्सासात अर्विंग गाव वसलं. त्याच वर्षी हिंदुस्थानातून गवारीचं बी अमेरिकेत आलं. पुढची चाळीसेक वर्षं ती वैरण आणि हिरवळीचं खत म्हणूनच राहिली. दुसऱ्या महायुद्धात कॅरोबच्या बियांचा डिंक मिळेनासा झाला, तेव्हा गवारीच्या दाण्यातल्या डिंकाकडे लक्ष गेलं आणि टेक्सासात व्हर्ननच्या बाजूला ती दाण्यासाठी पेरली जाऊ लागली. १९६४ साली ब्रूक्स हे वाण आलं, १९७५ साली किनमन.

दाण्याच्या पिकात खरा पेच रोपांच्या संख्येचा. विरळ पेरली की गवार बुडापासून फुटते, शेंगा जमिनीलगत लागतात आणि कापणी यंत्राच्या पात्याखालून सुटतात. दाट पेरली की शेंगा वर सरकतात, पण कोरडवाहू रानात ओल आधी संपते आणि दाणा भरत नाही. भाजीसाठी हाताने तोडणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातलं निम्मं दुखणं माहीतच नसतं.

अर्विंगच्या मराठी परसांतही गवार असते. इथली काळी, चुनखडीची माती मराठवाड्याच्या मातीची बहीण शोभावी अशी. जूनमध्ये शेंड्याचं कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण सामू चढल्यामुळे मुळांना मिळत नाही. हे न ओळखता लोक युरिया टाकतात, याची मला फार हळहळ वाटते. मुळांवरच्या ज्या गाठी हवेतलं नत्र धरतात, त्यांनाच लोह आणि मॉलिब्डेनम लागतं. युरियाने त्या गाठी सुस्तावतात आणि नुसता पाला माजतो. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकली तर तीही बांधली जाते. अर्ध्या टक्क्याचं द्रावण संध्याकाळी पानांवर फवारलं तर उपयोग होतो. फुलोऱ्यात बोरॉन कमी पडलं तर दाणे धरत नाहीत.

रोपांची दाटी आणि लोहाची कमतरता हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, हे नॉर्थ डकोटात सोयाबीनवर दिसलं: ओळीत रोपं दाट ठेवली की लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा कमी होतो.

२०१२ साली तेलविहिरींसाठी गवार डिंकाला एवढी मागणी आली की भारतात गवारीचा वायदेबाजार थांबवावा लागला. एक्सॉनमोबिलचं मुख्यालय तेव्हा अर्विंगलाच होतं. भाव चढला की सगळे पेरा वाढवतात. जमिनीत जस्त किती, लोह किती, हे कुणी विचारत नाही. कॉलेज स्टेशनला टेक्सास ए अँड एमच्या प्रयोगशाळेत मातीतली सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासून मिळतात. परसात बियाणं धरणाऱ्यांनी टोकण करण्याआधी नमुना पाठवावा, आणि सामू आठच्या आसपास निघाला तर पहिली विरळणी जरा लांबवावी.