कात टाकल्यावाचून कोसा नाही

रायपूरच्या बाजारपेठेत आलेल्या पाहुण्याला कोसा साडीचा मोह सहसा आवरत नाही. छत्तीसगडमध्ये 'कोसा' आणि विदर्भात 'टसर' या नावाने ओळखले जाणारे हे सोनसळी रेशीम चांपा, कोरबा परिसरातील विणकरांनी नावारूपास आणले. मात्र हा धागा निर्माण करणाऱ्या अळीला त्यापूर्वी आपली त्वचा चार वेळा टाकून द्यावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

टसरची अळी घरात नव्हे, तर उघड्यावर अर्जुन व ऐन या वृक्षांच्या पानांवर वाढते. कीटकांना आपल्यासारखा अस्थिपंजर नसतो. त्यांच्या देहाला आधार देते ते बाहेरील आवरण. ते एका मर्यादेपलीकडे ताणले जात नाही. लहान मुलाचा अंगरखा तोकडा व्हावा, तसे ते अळीला अपुरे पडू लागते. मग अळी खाणे थांबवते आणि फांदीला घट्ट धरून निश्चल बसते. जुन्या त्वचेखाली नवी, सैल त्वचा तयार होते. जुनी त्वचा फाटली की अळी तिच्यातून हळूहळू बाहेर सरकते. नवी त्वचा टणक होईपर्यंत ती अतिशय नाजूक असते.

ही क्रिया 'एक्डायसोन' या संप्रेरकामुळे घडते. बुटेनांट व कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये सुमारे ५०० किलो रेशीमकीटकांच्या कोषावस्थेतील देहांतून ते अवघे २५ मिलिग्रॅम मिळविले होते!

भातखाचरातील खेकडाही असेच कवच टाकून वाढतो. साप मात्र सांगाडा असूनही कात टाकतो; त्याच्या त्वचेचा केवळ बाह्य थर निघून येतो. गोगलगाईला याची गरजच भासत नाही, कारण तिचा शंख कडेने वाढत जातो.

कात टाकणारी अळी पळू शकत नाही. पक्षी, मुंग्या व गांधीलमाश्या यांना ती आयती सापडते. म्हणूनच कीटकपालक कुटुंबे झाडांखाली राखण करतात आणि या काळात अळ्यांना दुसऱ्या झाडावर हलवत नाहीत. चौथ्या कातीनंतर अळी अधाशासारखी पाने खाते व मगच कोष विणते. तोवर एखादी कात जरी बिघडली, तरी त्या अळीचा कोष हातचा जातो. असे अनेक कोष गेले, की हंगामाची कमाईही जाते.

कोसा साडीच्या किमतीत विणकराच्या कौशल्याबरोबरच ही रानातली राखणही सामावलेली असते.